गुळासाठी धूळ

आमच्या नगरच्या फौंड्रीत संध्याकाळी सुट्टी झाली की प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा पडायचा. गुळानं छातीतली धूळ उतरते, असा सगळ्यांचा ठाम समज. माझं काम ग्राइंडरचं. ओतीव नगांना चिकटलेली जळकी वाळू चाकावर घासून काढायची. काम मला मनापासून आवडायचं, पण नाकावर ओला रुमाल बांधूनही ती वाळू आत जायचीच. खोकला हटेना, तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, धूळ अशीच जात राहिली तर छाती कामातून जाईल.

त्या दिवसापासून बायकोनं धोशा लावला. "सोडा ही नोकरी. नेवाशाला जाऊ, माझ्या भावाच्या रानात काम करू."

मेव्हण्याच्या रानात राबायचं? माझ्या डोक्यात तिडीकच गेली. आणि खरं सांगायचं तर छातीची भीतीही वाटत होती.

तेवढ्यात सरकारी तपासणी झाली आणि मालकानं धूळ ओढून घेणारा मोठा पंखा बसवला. प्रत्येक चाकामागे त्याचं पत्र्याचं तोंड. पहिल्या दिवशी मला समोरची भिंत स्वच्छ दिसली, मी जाम खूश! दुसऱ्या दिवशी जेवून परत येतो तर पंखा बंद.

शेजारच्या चाकावरच्या गड्यानं तो बंद केला होता. मी विचारलं तर म्हणतो कसा, "धूळ गेली की गूळबी जाईल. मग घरी पोरांला च्या कशाचा करू? धुळीचं काय, ती सवयीची हाय."

दुष्काळाची वर्षं होती. गूळ कोणीच तिथं खात नसे, सगळे घरी न्यायचे, मीसुद्धा. त्याचं मला कळत होतं, पण माझी छाती काही त्याच्या चहासाठी नव्हती. मी बटण चालू करायचो, माझी पाठ फिरली की तो बंद करायचा. बाकीचे शहाणे गंमत बघत बसायचे.

शेवटी एक दिवस मी त्याचं मनगट धरलं आणि त्याला थेट मालकापुढे उभं केलं. "मालक, याला गूळ पायजे आन मला छाती. दोन्ही द्या."

मालक बघतच राहिले. "गूळ बंद करणार असं म्हणालं कोण?"

कोणीच म्हणालं नव्हतं. आवई आमची आम्हीच उठवलेली! परत आल्यावर त्या गड्यानं स्वतः बटण दाबलं, आणि पंखा पुन्हा कोणी बंद केला नाही.

पुढे काही महिन्यांनी, एका रविवारी चर्चहून येऊन जेवलो आणि भिंगारच्या आमच्या खोलीत आडवा झालो. मस्त डोळा लागला होता, तोच बायकोनं गदागदा हलवलं. मी खेकसलो, "काय झालं?"

तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "काय न्हाई," ती म्हणाली. "इतक्या येळात तुमी एकदाबी खोकला न्हाईत, म्हनून भ्याले."