जागा कोरी असते

कल्पना करा, तुमच्यापुढे दोन वाक्यं आहेत. 'हे फंक्शन मागाल तेवढी मेमरी देते. मिळालेली जागा कोरी असते.' फंक्शनच्या, म्हणजे कोडच्या एका तयार तुकड्याच्या, डोक्यावरची ही टीप जगभरचे प्रोग्रामर वाचतात, आत डोकावत कुणी नाही. तुम्हाला दुसरं वाक्य खोडायचं आहे.

इजिप्तच्या मन्सूरा शहरातल्या आमच्या ऑफिसात माझी सहकारी रदवा तेच करत होती. शेजारची, आमच्यातल्याच बासिमची, खुर्ची रिकामी होती. त्या टिपेवर भरवसा ठेवून त्याने एका दवाखान्यासाठी प्रोग्राम लिहिला, आणि रविवारी एका नव्या मुलीच्या न भरलेल्या रकान्यात आधीच्या रुग्णाचं 'पेनिसिलिन चालतं' उमटलं. मुलीला ते चालत नव्हतं; नर्सने आईला विचारलं म्हणून निभावलं. चौकशी होईपर्यंत बासिमला घरी बसवलं होतं.

रदवाला कारण सापडलं. नुकत्याच सुरू झालेल्या प्रोग्रामला बहुधा कोरी जागा मिळते. वापरून परत केलेली जागा मात्र उष्टी असते आणि फंक्शन ती विसळत नाही. टीप लिहिणाऱ्याने एकदाच चालवून पाहिलं होतं. बासिमनेही.

आमचे साहेब उस्ताज वगीह फूल नावाच्या बाकल्याच्या उसळीत पाव बुडवत म्हणाले, "बाशमुहंदिसा, इंजिनिअरबाई, आतला कोड वाचायला बासिमचे डोळे दुखत होते का?"

"तुम्ही वाचता, उस्ताज?"

"मी सह्या करतो," ते हसले. मग म्हणाले, टीप चुकीची होती असं ते फंक्शन ज्या प्रोग्रामिंगच्या भाषेतलं, तिच्या मंडळींनी कबूल केलं, तर बासिमला उद्याच बोलावतो.

रदवाने दुरुस्ती पाठवली: 'जागा कोरी नसते, आधी स्वतः पुसून घ्या.' ही भाषा स्वयंसेवक सांभाळतात. टिपांची दुरुस्ती म्हणजे नवशिक्यांचा सराव, असा तिथे रिवाज. तिचा चहा निवायच्या आत दुरुस्ती मंजूर झाली. शेरा होता, 'किरकोळ शब्दबदल. आभार.'

दुरुस्तीसोबत तिने दवाखान्याची सगळी हकिगत लिहून पाठवली होती. ती कुणी वाचलेलीच दिसत नव्हती.

वगीहांनी शेरा पाहिला. "किरकोळ म्हणतायत. आणि आता तर टीप बरोबरच आहे. चौकशी चालू दे."

घरून बासिमचा फोन येत होता. रदवाने तो उचलला नाही. आधी त्या शेऱ्याखाली तिने एक ओळ लिहिली, आणि अजून ती उत्तराची वाट पाहते आहे: 'कालपर्यंत ही टीप खोटी होती, एवढं तुमच्यापैकी कुणी लिहून देईल का?'