माझ्या हळदीत मोडलेला धवला

आमच्याकडे लग्न लावायची ती धवलारीण. आता पोरींना हा शब्द समजावून सांगावा लागतो, म्हणून सांगते. आम्ही मिठागरवाली माणसं, आमच्या मांडवात भटजी नसायचा. धवलारीण बाई धवले म्हणायची आणि त्या गाण्यानेच देव मांडवात यायचे, हळद लागायची, लग्न लागायचं. ढोलकी नाही, टाळ नाही, नुसता गळा. एकीने ओळ म्हणायची, तिचा श्वास संपत आला की दुसरीने शेवट झेलायचा, आणि मग सगळ्या बायांनी. धवल्यात खंड पडता कामा नये आणि अर्धा सोडता कामा नये, एवढे दोनच नियम.

माझी थोरली आत्या धवलारीण होती. सात-आठ गावांतून तिला बोलावणं यायचं. अक्षर ओळखत नव्हती, पण तीन दिवसांचे धवले तोंडपाठ.

माझं लग्न ठरलं तेव्हा मिठाचा सत्याग्रह व्हायला दोन-तीन वर्षं होती. सुधारणेचं वारं गावात नुकतं शिरत होतं. बाबांनी भजनी मंडळ काढलं होतं, मुंबईहून पेटी आणली होती. बाप्यांनी भजन म्हटलं की ती भक्ती, आणि बायांनी धवला म्हटला की ते अडाणीपण. हे मला तेव्हाही कळत नव्हतं, आताही कळत नाही.

बाबा मीठ घेऊन होडीने रेवदंड्याला जायचे. एकदा किरिस्तावांच्या उपासाच्या दिवसांत त्यांच्या देवळाबाहेर उभे राहून गाणं ऐकून आले. त्या दिवसांत तिथे बाजा बंद असतो, माणसं नुसत्या गळ्याने गातात. घरी येऊन आठ दिवस तेच. "पेटी न्हाय, बाजा न्हाय, पण काय एका सुरात गातात." आत्या मासे साफ करत होती. म्हणाली, "माझ्यासाठी कधी उभा राह्यलास रं बाहेर?" बाबा हसले. मला त्या हसण्याचा अजून राग येतो.

हळदीच्या सकाळी मी पाटावर बसले. नवऱ्याकडच्या बाया उष्टी हळद घेऊन आल्या होत्या. आत्याने धवला सुरू केला, आणि बाबांनी पेटीवाल्याला खूण केली.

"बाय, आता सुरात म्हण. पाव्हणे हायत."

पेटीचा सूर काही संपत नाही हो. श्वास घेतच नाही ती. आत्याची ओळ कुठे संपली तेच झेलणारीला कळेना. एकदा आधी पडली, एकदा मागे. आत्याचा आवाज धवला रंगला की वर चढायचा, तसा चढला. पेटी तिथेच. पेटीवाला बोटं थांबवून म्हणाला, "मावशी सूर सोडतात." सगळे बाप्ये हसले.

बाबा म्हणाले, "बस कर बाय. पुढचं पेटीवर होईल."

आत्या उठली. पदर सावरला नि गावातच असलेल्या आपल्या घरी निघून गेली. माझ्या अंगाला अर्धी हळद आणि धवला मध्येच तुटलेला.

नवरीने बोलायचं नसतं, खाली मान घालून बसायचं असतं. मी म्हटलं, "धवला पुरा झाल्याबिगर मी पाटावरनं उठायची न्हाय."

बाबा लाल झाले. "लाज हाय का? पाव्हण्यांसमोर?"

"पेटी बंद करा."

आईने हळदीची वाटी खाली ठेवली. तिच्या पाठोपाठ बाकीच्या बायांनीही हात आवरले. त्यांच्या हातांशिवाय हळद कोण लावणार? शेवटी पेटीचा भाता मिटला. बाबा स्वतः आत्याला आणायला गेले आणि एकटेच परत आले. ती म्हणाली होती, "पेटीवाल्याकडून लग्न लावून घे."

मग झेलणारी पुढे झाली. जन्मभर शेवट झेलत आलेली बाई, तिने ओळ उचलली. पण तिचं झेलायला कोण? बाकीच्यांना एकत्र म्हणायची सवय, एकटीने नाही. म्हणून मीच झेललं. आपल्याच हळदीत, नवरी असून. उष्टी हळद आणलेल्यांपैकी एक म्हणाली, "सून आणतो का गाणारीण आणतो आपण?" सासरी ते मला वीस वर्षं ऐकवलं. ऐकवू दे. धवला पुरा झाला, हळद लागली, पुढे लग्नही तसंच लागलं.

पाठवणीला आत्या वेशीवर उभी होती. तिच्या घरापर्यंत सगळं ऐकू गेलं असणार. म्हणाली, "मधे दोन ओळी खाल्ल्यास."

"मग चल ना सासरी, तिथे नीट म्हण."

"मी आता न्हाय म्हणायची. कुणाच्याच मांडवात."

आणि खरंच नाही म्हटला तिने. बोलावणी येत राहिली, ती दारातूनच माणसं परत पाठवायची. बाबांनी तिच्यासमोर कधी चूक कबूल केली नाही. माहेरपणाला गेले की मी आत्याकडे उतरायचे, बाबांच्या घरी नाही. आईला वाईट वाटायचं, पण माझा नाइलाज होता.