खोडाभाईंची पापणी

तोंडावर सगळे त्यांना खोडाभाई म्हणत, पाठीमागे घुबड, आणि खरं सांगायचं तर खोडाभाईंना हे पाठीमागचं नावच जास्त आवडायचं. आता घुबड म्हटलेलं कुणाला आवडतं का? पण वराछातल्या त्या हिऱ्याच्या कारखान्यात ती पदवी होती. जेवणाच्या सुट्टीत डबे धुऊन झाले की कुणीतरी दोघं समोरासमोर बसायचे आणि एकमेकांकडे टक लावायचे. ज्याची पापणी आधी लवेल त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यांना गाठिये खिलवायचे. खोडाभाई अमरेलीकडच्या खेड्यातून मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा सुरतेला आले, त्या दिवसापासून त्यांनी एकदाही गाठिये आणले नव्हते. फुकटचे मात्र तळलेल्या मिरचीसकट पोटभर खाल्ले होते.

हा खेळ उगाच नव्हता निघाला. घंटी म्हणजे हिरा घासायची गरगर फिरणारी लोखंडी तबकडी. तिच्याभोवती चौघं बसतात. डोळ्याला भिंग, चिमट्यात तांदळाच्या दाण्याएवढा हिरा. घासायचा, उचलायचा, बघायचा, परत घासायचा. पापणी लवली की पैलू गेला, असं उस्ताद पहिल्याच दिवशी सांगतो. खोडाभाईंच्या उस्तादानेही सांगितलं होतं, आणि त्यांनी ते असं मनावर घेतलं की लग्नाच्या फोटोतसुद्धा डोळे वटारलेले.

तर अशा माणसाचे डोळे दिवाळीच्या सुट्टीनंतर दगा द्यायला लागले. सकाळी ठीक असायचं. दुपारी एसीचा झोत तोंडावर यायला लागला की डोळ्यांतून पाण्याची धार लागायची आणि भिंगातला हिरा दुधात बुडाल्यासारखा दिसायचा. खोडाभाई बाहीने डोळे पुसायचे, इकडेतिकडे बघायचे, परत वाकायचे. दोन हिरे तपासणीतून परत आले. मग मॅनेजर करमशीभाई जवळ येऊन बसले आणि फार गोड बोलले. गोड बोलले तिथेच खोडाभाई सावध झाले.

"काका, खाली पाकिटं बांधायला भरवशाचा माणूस हवाय. बसून काम. डोळ्यांना त्रास नाही."

"माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?" खोडाभाई म्हणाले.

"तसं नाही हो. विचार करा आपला. चैत्रापर्यंत सांगा."

पाकिटं बांधायची. घंटीवरून उठलेली माणसं खाली जाऊन पाकिटं बांधतात, आणि वरची माणसं जिना उतरताना त्यांच्याकडे बघत नाहीत. खोडाभाई स्वतःही कधी बघत नसत. तेव्हापासून त्यांना जेवण गोड लागेना.

घरी वेगळंच चाललं होतं. रिंकल, त्यांची एकुलती एक लेक, गेल्या वैशाखात लग्न होऊन भावनगरला गेली होती. जेवताना बापाच्या गालावरून पाणी ओघळताना त्यांच्या बायकोने, वसनबेनने, पाहिलं आणि तिचा जीव गलबलला. सगळी हयात या माणसाला दगड म्हणत आली, आणि बघा, आतून किती मऊ. ती बाजरीच्या रोटल्यावर तुपाचा लोंदा वाढायला लागली, ताकात जिरं घालायला लागली, आणि ओरडायची तर बंदच झाली. खोडाभाईंनी तिचा गैरसमज दूर केला नाही. तूप कोण सोडतो?

अशात कारखान्यात डोळ्यांचं शिबिर आलं. एका धर्मादाय दवाखान्याची माणसं होती, आणि त्यांची म्होरकी हेमांगिनीबेन, पन्नाशीची, अस्सल सुरती बाई. सुरती माणूस बोलायला लागला की खोडाभाईंसारख्या काठियावाडी माणसाने कानात बोटं घालावीत अशी तिची जीभ. खोडाभाई मागच्या दाराने सटकणार होते. इतक्यात तपासणी काय आहे ते कानावर आलं आणि ते जागीच थांबले.

खुर्चीवर बसायचं, समोरच्या भिंतीकडे बघायचं, आणि होईल तितका वेळ पापणी लववायची नाही. बाई घड्याळ धरून बसणार.

"अरे, हा तर आपला खेळ," त्यांच्या घंटीवरचा जेरामभाई म्हणाला. "काका, बसा. देवानेच पेपर फोडलाय."

खोडाभाईंना वाटलं, खोडियार माताच पावली. करमशीभाईही तिथेच उभे होते. त्यांच्या डोळ्यांदेखत पास व्हायचं, मग बघू कोण पाकिटं बांधायला पाठवतं. ते मिशीवरून हात फिरवून खुर्चीत बसले. त्यांच्या आधीची माणसं पटापट पापण्या मिटून उठली होती, कुणी डोळे चोळत, कुणी शिव्या घालत. खोडाभाई बसले ते बसलेच. भोवती घोळका झाला. चहावाला किटली घेऊन आला तो चहा ओतायचा विसरून बघत राहिला. शेवटी हेमांगिनीबेननेच घड्याळ खाली ठेवलं.

"बस्स झालं. मिटा. झोंबत नाही का हो तुम्हाला?"

"अजिबात नाही." खोडाभाईंनी करमशीभाईंकडे बघत सांगितलं. "कित्येक वर्षांत झोंबलेलं नाही."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाईने काही वाजवलं नाही.

"तेच वाईट आहे, काका. पापणी मिटली नाही की झोंबायलाच हवं. घरात चोर शिरलाय आणि कुत्रं ढाराढूर झोपलंय, आणि तुम्ही कुत्र्याचं कौतुक करताय." तिने एक पिवळी कागदाची पट्टी ओली करून त्यांच्या खालच्या पापणीला टेकवली आणि निळा दिवा धरून डोळ्यात पाहिलं. "आता एकदा मिटून उघडा. झालं. उडाला ओलावा. एक आकडा मोजायलासुद्धा मिळाला नाही. डोळा कोरडाठाक आहे तुमचा."

"कोरडा?" खोडाभाई उसळले. "बेन, दिवसभर धार लागलेली असते. टॉवेल ठेवतो मी मांडीवर."

बोलून गेले आणि जीभ चावली. करमशीभाईंनी ऐकलं होतं. सगळ्यांनी ऐकलं होतं. इतके महिने लपवलेलं स्वतःच्याच तोंडाने भर बाजारात मांडलं.

"तेच तर," हेमांगिनीबेन म्हणाली. "डोळ्यावर ओलाव्याचा पातळ थर असतो. तो टिकला पाहिजे. तुमचा फाटतो, म्हणून डोळा घाबरून बादल्या ओततो, आणि ते पाणी गालावरून वाहून जातं. तुमच्या हिऱ्यावर तोंडाची वाफ सोडली तर टिकते का?"

"खऱ्या हिऱ्यावर? लगेच उडते. काचेवर राहते."

"डोळा काचेसारखा हवा, काका. तुम्ही त्याचा हिरा करून ठेवलात."

घोळक्यात हशा पिकला. जेरामभाई म्हणाला, "मग काकांना तिजोरीतच ठेवायला पाहिजे." खोडाभाई हसले नाहीत. पोरं हसत होती तेवढ्यात त्यांनी बाईला हळूच विचारलं, "बेन, एवढंच सांगा. घंटीवर बसता येईल ना मला?"

बाईची जीभ पहिल्यांदाच जरा मऊ झाली. तिने बारीक अक्षरांचा तक्ता समोर धरला. खोडाभाईंना सगळं दुधाळ दिसलं. "आता पापण्या नीट मिटा. वटारू नका, पूर्ण मिटा. परत. आणखी. हां, आता वाचा." आणि खोडाभाईंनी शेवटची ओळ घडाघडा वाचली, मॅनेजरला ऐकू जाईल अशा आवाजात.

"नजर शाबूत आहे," बाईने करमशीभाईंना मुद्दामच मोठ्याने सांगितलं. "फक्त हा माणूस पापणी लववायला विसरलाय. थेंब घालायचे, गरम फडक्याने डोळे शेकायचे, एसीचा झोत वळवायचा. आणि प्रत्येक वेळी हिरा उचलला की आधी पापणी मिटायची, मग बघायचं. कळलं का, घुबडकाका?"

हे नाव तिला कुणी सांगितलं कोण जाणे. जेरामशिवाय दुसरं कोण असणार.

घरी वसनबेनने थेंबांची बाटली पाहिली आणि खोडाभाईंना तिला सगळं सांगावं लागलं. तिने बाटली उजेडात धरून पाहिली. मग म्हणाली, "म्हणजे लेकीसाठी एक टिपूस नाही? सगळा एसीचा प्रताप? आणि मी मेली तुपाचे डबे रिकामे करतेय." दुसऱ्या दिवसापासून रोटला कोरडा आला. पण डोळे शेकायचं गरम फडकं तीच आणून द्यायची, आणि पिळून द्यायची.

पापणी मिटायला शिकणं सोपं नव्हतं हो. साऱ्या जन्माची सवय. खोडाभाई विसरले की शेजारून जेरामभाई कोपर मारायचा. पण होळीनंतर त्यांचा एकही हिरा परत आला नाही, आणि चैत्रात करमशीभाई जाता जाता सहज म्हणाले, "पाकिटांना दुसरा माणूस मिळाला, काका. तुम्ही बसा." खोडाभाईंनी मान हलवली आणि हिरा भिंगाखाली धरला. बाहेर काय बोलायचं? आत मात्र गरबा चालला होता.

त्याच आठवड्यात पालिताण्याकडून नवीन आलेल्या एका गड्याने घुबडाला आव्हान दिलं. जेवणाची सुट्टी झाली, घोळका जमला. खोडाभाई समोर बसले, टक लावली. गडी चिवट होता. पोरं ओरडत होती. आणि मध्येच खोडाभाईंना डोळ्यात काहीतरी जाणवलं. बारीक, मिरची चिरलेल्या बोटासारखं. झोंबत होतं. कित्येक वर्षांनी झोंबत होतं. झोपलेलं कुत्रं जागं झालं होतं. अजून ओढून धरता आलं असतं, मनात आणलं तर जिंकताही आलं असतं.

खोडाभाईंनी सावकाश दोन्ही पापण्या मिटल्या, पूर्ण मिटल्या, आणि तशाच ठेवल्या.

"गेलं घुबड," जेरामभाई कपाळावर हात मारून म्हणाला.

त्या संध्याकाळी त्यांनी गाठियांची मोठी पुडी घेतली, कारखान्यासाठी, आणि एक छोटी घरासाठी. वसनबेनने पुडी उघडली. "हे कशाबद्दल?"

"हरलो आज."

तिने दिव्याखाली त्यांचा चेहरा वर केला आणि निरखून पाहिलं. "हरलात, आणि डोळ्यांत टिपूस नाही?"

"नाही," खोडाभाई म्हणाले. "झोंबलं मात्र." आणि ते असे हसले की वसनबेनला काही कळेना. पण रात्री रोटल्यावर तूप होतं.