पडद्यामागून ऐकलेले ढूमअण्णा

ढूमअण्णा लोकांकडे पाठ करून वाजवायचे. चिंचवडच्या आमच्या कंपनी कॉलनीत गणपतीत ऑर्केस्ट्रा व्हायचा. गाणारा झगमगीत शर्ट घालून पुढे नाचायचा आणि मागच्या कोपऱ्यात अण्णा आपल्या स्पीकरच्या खोक्याकडे तोंड करून उभे. बायका म्हणायच्या, माणूस लाजाळू दिसतोय. लाजाळू कसले डोंबलाचे. त्या गोंगाटात आपली बेस गिटार आपल्याला तरी ऐकू यावी, म्हणून ते खोक्याला चिकटून असायचे. लोकांना काय वाटतं याची त्यांना फिकीर नव्हती. निदान मला तेव्हा तसं वाटायचं.

ते खोकंही त्यांनीच बनवलेलं. कंपनीत परदेशी यंत्रं ज्या लाकडी पेट्यांतून यायची, त्यांच्या फळ्या कामगारांना स्वस्तात मिळायच्या. कॉलनीत त्या फळ्यांचे पलंग झाले, देव्हारे झाले. अण्णांनी स्पीकरचं खोकं केलं. दिवसा ते प्रेस शॉपला आणि मी टूलरूममध्ये. जहाजावरच्या मेहुण्याने त्यांना एक अमेरिकन तबकडी आणून दिली होती. असल्या संगीताला फंक म्हणतात, हे कळायला आम्हाला वर्षं लागली. त्यातला बेसवाला तार छेडत नव्हता, अंगठ्याने ठोकत होता. तबकडी झिजून करकरायला लागली, तरी अण्णांनी ती सोडली नाही. "गाणारा काय म्हणतोय ते आपल्याला कळत नाही, कळायची गरजही नाही," ते म्हणायचे. "हा खालून काय बोलतोय, तेवढं ऐक." मग तोच ठोका ते आपल्या सिनेमाच्या गाण्यांखाली घालायचे. गाणं कितीही रडकं असो, ऐकणाऱ्याचे खांदे हलायला लागायचे.

पण ऐकणार कोण? मंडळाचे ते कर्णे! पत्र्याचे भोंगे नुसते. त्यांतून गाणाऱ्याचं नाकातलं किंचाळणं स्टेशनपर्यंत जायचं, पण अण्णांचा तो जाड, गोल आवाज कणभरही बाहेर पडायचा नाही. तो ऐकू यायचा फक्त स्टेजच्या मागे, पडद्याला टेकून बसलं तर. म्हणून आम्ही चार-पाच जण तिथे विटा मांडून बसायचो. आणि ती जागा काय वर्णावी. उघडं गटार, त्यात महाप्रसादाच्या पत्रावळ्या आणि कुजलेल्या हारांचा चिखल, शेजारी भिंतीपाशी येऊन उरकून जाणारे भाविक. देवाच्या नावाने वर्गणी काढायची, पुढे साहेबांसाठी गालिचा अंथरायचा आणि मागे ही घाण. रहाटणीचा आमचा बाळू मात्र डोळे मिटून बसायचा. "आण्णा वाजवाया लागले की वास न्हाई येत राव," म्हणायचा. मला यायचा. तरी मी उठत नसे.

अण्णांच्या पत्नी, आमच्या वहिनी, पुढे बायकांच्या रांगेत बसायच्या. तिथे अर्थातच काही पोचायचं नाही. "तुमचे हे तिथे नक्की करतात काय हो?" असं शेजारणी विचारायच्या आणि पदराआड हसायच्या. एकदा मी त्यांच्याकडे जेवायला असताना वहिनींनी सरळच विचारलं, "तुम्ही तिथे नुसते उभे राहायला जाता का?" अण्णा भाकरी मोडत राहिले. घरी वाजवून दाखवावं, तर खोकं तळेगावला ऑर्केस्ट्रावाल्याच्या खोलीत, आणि खोक्याशिवाय ती गिटार मुकी. जेवण झाल्यावर बाहेर येऊन मला म्हणाले, "कॉलनीला नाही कळलं तरी चालेल. हिला एकदा ऐकू गेलं पाहिजे रे."

त्या वर्षी आम्ही मनावर घेतलं. दुपारी सामान उतरल्यावर आम्हीच खोकं उचललं आणि थेट स्टेजच्या पुढच्या कडेला, बायकांच्या रांगेसमोर ठेवून दिलं. संध्याकाळी अण्णा पहिल्यांदाच लोकांकडे तोंड करून उभे राहिले. पहिलं गाणं सुरू झालं आणि काय सांगू, मांडवाचे बांबू थरथरले, पोरं आपसूक नाचायला लागली. वहिनी दचकून इकडेतिकडे बघू लागल्या. हे कुठून येतंय ते त्यांना कळायच्या आतच मंडळाचे अध्यक्ष उठले. पाहुण्या साहेबांच्या कपाळावर आठी पडली होती, तेवढी यांना पुरली. "ती धडधड आधी बंद करा. साहेबांना त्रास होतोय," असं म्हणत त्यांनी लाउडस्पीकरवाल्याला खोक्याची वायर काढायला लावली. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. का, तर आता गाणं स्वच्छ ऐकू येतंय म्हणून. इतकी शिसारी मला त्या गटाराचीही कधी आली नव्हती. अण्णा मात्र मुक्या तारांवर गाणं संपेपर्यंत वाजवत राहिले.

खोकं पुन्हा मागच्या कोपऱ्यात गेलं, वायर लागली, आम्हीही आमच्या उकिरड्यावर जाऊन बसलो. दोनेक गाणी झाली असतील, तोच मांडवाला वळसा घालून वहिनी आल्या. ठेवणीतली साडी एका हाताने वर धरलेली, दुसऱ्या हाताने पदर नाकाला. बाळूने आपली वीट त्यांना दिली. पडद्यापलीकडे अण्णांनी सुरुवात केली. तिथे तो ठोका कानाआधी जमिनीतून अंगात चढतो. वहिनींचा पदर हळूहळू नाकावरून खाली आला. त्या म्हणाल्या, "हे सगळं हे करतात?"

"व्हय वहिनी," बाळू म्हणाला. "सगळं आण्णाच."

घरी गेल्यावर त्या अण्णांना काय म्हणाल्या ते मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्टला अण्णा शीळ घालत आले एवढं खरं.

पुढच्या वर्षी ऑर्केस्ट्रावाल्याने विजेवर चालणारा नवा कीबोर्ड घेतला. तो वाजवणारा डाव्या हाताने बेसचंही काम उरकायचा. अण्णांना त्याने साधा निरोपही पाठवला नाही. कोपऱ्यात पाठ करून उभा राहणारा माणूस आला नाही, तर कुणाच्या लक्षात येणार, असा त्याचा होरा. आणि चीड याची येते की तो बरोबर होता. गालिचा, कर्णे, टाळ्या, सगळं तसंच. अण्णा त्या संध्याकाळी घरीच राहिले. वहिनींना मात्र शेजारणींनी ओढून आणून पहिल्या रांगेत बसवलं होतं. मी बाजूलाच उभा होतो. दुसऱ्या गाण्याच्या मध्येच त्या उठल्या.

"अहो, बसा की," शेजारीण म्हणाली. "छान चाललंय."

वहिनी चपला शोधत होत्या. "छान कसलं," त्या म्हणाल्या. "खाली काहीच नाहीये." आणि त्या घरी गेल्या.