कुलपाला मारलेली हाक

घरांची आणि त्यांत राहणाऱ्या माणसांची यादी तपासायला मी दरवर्षी सेलूजवळच्या एका गावात जाते. गावचा कोतवाल सोबत फिरतो. प्रत्येक दारासमोर तो चप्पल काढतो आणि हाक मारतो, "हाय का घरी?" दाराला कुलूप असलं तरी मारतो. मग सांगतो, या विहिरीवर अख्खी गल्ली पाणी भरायची, गावातला पहिला रेडिओ या घरी आला.

यंदा मला घाई होती. गावातली निम्मी घरं बंद होती.

"कुलूप दिसतंय ना भाऊ? नाव खोडते. पुढे चला."

"थांबा न बाई. आतमंधी कोणी नाई, हे मले मालूम हाय. पण न विचारता कसं खोडता?"

शेवटी त्याचं स्वतःचं घर आलं. गेल्या वर्षी त्याच्या बायकोनं इथेच आम्हाला चहा दिला होता. उन्हाळ्यात ती वारली. आता कुलपाची किल्ली त्याच्याच खिशात होती. तरी त्यानं चप्पल काढली, हाक मारली आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबला.

"लिहा," तो म्हणाला. "एक माणूस."

माझ्या यादीत गेल्या वर्षीचा दोनचा आकडा होता. त्याच्यासमोर मी तो खोडला नाही.