हयातीचे सात दाखले

ते सात फॉर्म ताईंच्या ड्रॉवरमध्ये मीच ठेवले. जेवणाच्या सुट्टीत, त्या हात धुवायला गेल्या होत्या तेव्हा. चुकून नाही, गडबडीतही नाही. ड्रॉवर ओढला, जुन्या रजिस्टरखाली कागद सरकवले, ड्रॉवर लावला आणि जागेवर येऊन डबा उघडला. ताई परत आल्या आणि रोजच्यासारखी त्यांनी आपल्या डब्यातली चटणी माझ्या झाकणावर वाढली. मी ती खाल्ली.

आमच्या ऑफिसात पेन्शनचं काम चालतं. दर नोव्हेंबरात म्हातारी माणसं येऊन आपण हयात असल्याचा दाखला देतात. हल्ली मशीनवर अंगठा लावला की काम होतं, पण वयानं कित्येकांच्या बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या असतात, मशीन त्यांना ओळखत नाही. त्यांच्यासाठी कागदी फॉर्म. खिडकीवर ते मी घ्यायचो आणि शेजारी बसलेल्या ताई रजिस्टरमध्ये चढवायच्या.

ताई नवरा गेल्यावर अनुकंपेवर नोकरीला लागलेल्या. हिंदी मुलखातल्या त्या ऑफिसात मराठी आम्ही दोघंच, म्हणून त्या ताई आणि मी भाऊ. बाकीचे त्यांना पाठीमागे 'अनुकंपा' म्हणत. "फाइल नहीं मिल रही? अनुकंपा से पूछो, दया आएगी तो बता देगी." सगळे हसत. मीही हसायचो.

सेहेचाळिसाव्या वर्षी मी एलएलबीला नाव घातलं. माझ्याकडून काम शिकलेले लोक अधिकारी होऊन गेले होते आणि मी अजून बाबूच होतो. ऑफिसची परवानगी काढली नाही, कारण साहेबांनी ती दिली नसती. वर्ग पाचला, ऑफिस सुटायचं सहाला. साडेचारला मी पिशवी उचलायचो. कुणी विचारलं तर ताई मान खाली घालून सांगायच्या, "चाय पीने गए हैं, आते ही होंगे." सव्वा वर्ष त्या माझ्यासाठी असं खोटं बोलल्या. एकदा म्हणाल्या, "भाऊ, वकील झालात की मला बोलवत जा कोर्टात. इतका पक्का झूठा गवाह तुम्हाला फुकटात कुठे मिळणार?"

कॉलेजात पहिल्याच दिवशी पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं होतं, "अंकल, बेटे का एडमिशन कराने आए हैं?" शिकवणारे सर माझ्याहून बारा वर्षांनी लहान. मी उत्तर चुकलो की म्हणायचे, "कोई बात नहीं, इस उम्र में इतना भी बहुत है." हे सगळं मी गिळत होतो. डिग्री मला पाहिजेच होती. कुणाच्या जिवावर पाहिजे होती, तो विचार मी केला नाही.

त्या नोव्हेंबरात एकदा टेस्ट होती. चार वाजल्यापासून मी खिडकीवर बसून नोट्स चाळत होतो, मधूनच फॉर्म घेत होतो. निघायला उशीर झाला तसा टेबलावरचा सगळा गठ्ठा पिशवीत कोंबला. त्यात ते सात फॉर्मही गेले. ताईंपर्यंत ते पोचलेच नाहीत.

जानेवारीत सात जणांची पेन्शन बंद झाली. हरिशंकरपुरमचे एक रिटायर मास्तर वॉकर ढकलत आले. साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "मास्साब, हमारे रिकॉर्ड में तो आप रहे नहीं." मास्तर म्हणाले, "अच्छा? तो मेरी तेरहवीं में कौन-कौन खा गया, वो भी रिकॉर्ड में देख लीजिए." सगळा हॉल हसला. मास्तर मात्र हसले नाहीत. साहेबांनी चौकशीचा हुकूम सोडला.

त्या रविवारी परीक्षेसाठी नोट्स काढल्या आणि करार कायद्याच्या पानांत फॉर्म सापडले. दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे ठेवले असते तर पेन्शन सुरू झाली असती आणि प्रकरण मिटलं असतं. पण फॉर्म तुझ्या घरी कसे, साडेचारला तू कुठे होतास, हे प्रश्न आले असते. परीक्षा अकरा दिवसांवर होती. म्हणून मी ताईंचा ड्रॉवर निवडला.

मंगळवारी सगळ्यांचे ड्रॉवर तपासले. ताईंच्या हातात फॉर्म दिले तेव्हा त्या बराच वेळ ते उलटसुलट करून बघत राहिल्या. मग साहेबांना म्हणाल्या, "मैंने ही रख दिए होंगे?"

"आप मुझसे पूछ रही हैं?" साहेब म्हणाले.

पुन्हा सगळे हसले.

नोटीस आली ती घेऊन ताई माझ्याकडेच आल्या. "भाऊ, तुम्ही शिकताय ना, जवाब तुम्हीच लिहून द्या."

लेखी कबुलीचं वजन काय असतं ते मी त्याच सत्रात शिकत होतो. नीट चौकशी झाली असती तर फॉर्म घेणाऱ्यालाही बोलावलं असतं, हेही मला कळत होतं. मी म्हणालो, "ताई, चूक मान्य करून टाका. ताकीद देऊन सोडतील. उगाच वाद घातलात तर साहेब चिडतील." मी तशी कबुली लिहून दिली, त्यांनी विश्वासानं सही केली. महिन्याभरात त्यांची दुसऱ्या गावी, भिंडच्या ऑफिसात बदली झाली. मी परीक्षा पास झालो.

त्या रोज अप-डाउन करू लागल्या. सकाळी सहाची बस, घरी परतायला रात्रीचे आठ. नया बाजारात दोन खोल्यांत त्या आणि त्यांच्या सासूबाई. सासूबाईंना काही आठवत नाही, दार उघडं दिसलं की निघून जातात. म्हणून ताई बाहेरून कुलूप लावून जायच्या. दुपारचं जेवण शेजारीण खिडकीच्या गजांतून आत द्यायची. हे सगळं त्यांनीच मला फोनवर सांगितलं. फोन मात्र त्या माझा अभ्यास कसा चाललाय हे विचारायला करायच्या. मला वकिलीची डिग्री मिळाली तेव्हा भिंडहून येता येता त्या पेढे घेऊन माझ्या घरी आल्या.

यंदा थंडी सरता सरता एका रविवारी त्यांनी मला घरी बोलावलं. सासूबाई पलंगावर बसल्या होत्या. त्यांनी दोनदा विचारलं, "कोण आलंय?" दोन्ही वेळा ताईंनी सांगितलं, "आमचे भाऊ. वकील आहेत."

मग माझ्यासमोर कोरा कागद ठेवून म्हणाल्या, "नोकरी सोडते. अर्ज तुम्हीच लिहा."

"का? अजून सात वर्षं आहेत."

"डोकं साथ देत नाही, भाऊ. मुरारला डॉक्टरांकडे गेले होते. ते म्हणाले, कुछ नहीं है, टेंशन मत लो. पण सासूबाईंचं असंच सुरू झालं होतं ना, वस्तू कुठे ठेवली ते आठवेना." त्यांनी एक वही दाखवली. गॅस बंद केला, कुलूप लावलं, गोळी दिली, सगळं वेळेसकट लिहिलेलं, पानंच्या पानं. "ते फॉर्म मी कधी ठेवले, दोन वर्षं आठवतेय. एकदा तर दिसलंसुद्धा, मीच ठेवतेय म्हणून. उद्या कुणाची पेन्शन पुन्हा अडकवली तर?"

मी पेन खाली ठेवलं. "ताई, ते तुम्ही ठेवले नाहीत. मी ठेवले."

त्यांना कळलं नाही. मला पुन्हा सांगायला लागलं: टेस्ट, पिशवी, ड्रॉवर, कबुली. सांगताना मी मध्येच म्हणालो, "माझी परीक्षा होती," आणि त्या एकदम म्हणाल्या, "ते नका सांगू."

सासूबाईंनी विचारलं, "कोण आलंय?" या वेळी ताईंनी उत्तर दिलं नाही.

त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. "इथे लिहा. उद्या मला वाटायला नको की हे मी मनानंच रचलं."

मी लिहायला लागलो, "ताई, मला माफ करा," तसं त्यांनी पानावर हात ठेवला. "माफी खाली. आधी काय केलं ते लिहा."

सोमवारी हाच मजकूर हिंदीत उतरवून मी साहेबांच्या टेबलावर ठेवला. चौकशी आता माझ्यावर आहे. पण पहिल्यांदा तो लिहिला त्या वहीत, ताईंसमोर:

"हयातीचे सात फॉर्म माझ्या पिशवीतून माझ्या घरी गेले. ते मी ताईंच्या ड्रॉवरमध्ये ठेवले. खोट्या कबुलीवर त्यांची सही मी घेतली. त्यांच्या हातून काहीही चूक झालेली नाही आणि त्या काहीही विसरलेल्या नाहीत. ताई, मला माफ करा."