पिवळा जार आणि कोड सात

मिक्सर माझ्या टेबलावर होता आणि टेबलाच्या पलीकडे दोघी उभ्या होत्या. सासू बोलत होती, सून फरशीकडे बघत होती.

“हिनंच जाळला, ताई. वापरायचं कळत न्हाई हिला. तुमी फकस्त तसं लिहून द्या. कागद हिच्या मायला दाखवते, म्हंजे ही पुन्हा माझ्याशी तोंड वर करून बोलणार न्हाई.”

दोघी डोंगरकडा या गावाहून एसटीने हिंगोलीला आल्या होत्या. सासूचं नाव कौसाबाई, सुनेचं मनीषा. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मिक्सर मनीषाच्या आईने लग्नात दिलेला, म्हणजे अजून गॅरंटीत. जारचं हँडल, झाकण, मिक्सर चालू करायचा नॉब, सगळं पिवळंधमक होतं.

तो पिवळा रंग बघून मला हायसं वाटलं, हे सांगताना आज लाज वाटते. पिवळा म्हणजे काम सोपं. कसं ते सांगते.

मी आयटीआय केलेली इलेक्ट्रिशियन आहे. मिक्सर, इस्त्री, गीझर, पंखे दुरुस्त करते. दुकानात शिरणारा अजूनही माझ्या खांद्यावरून मागे बघतो आणि विचारतो, “मेकॅनिक कुठं गेले?” मी म्हणते, “समोर उभे आहेत.” तेव्हा माझ्याकडे एका मिक्सर कंपनीचं ऑथोराइज्ड सर्व्हिस सेंटर होतं. गॅरंटीतली मशीन आली की जॉब शीट भरायची. तिच्यात शेवटचा रकाना असतो, ‘बिघाडाचं कारण’. तिथे कोड टाकायचा. कोड सात म्हणजे ‘ग्राहकाकडून चुकीचा वापर’. कोड सात पडला की गॅरंटी संपली.

त्या हळदीच्या हंगामात कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना आली होती. हिंगोली भागात लोक मिक्सरमध्ये वाळलेली हळद दळतात आणि मोटार जळते. जार पिवळा दिसला की फोटो काढा, कोड सात टाका, मशीन उघडू नका. मनीषाच्या आधी तीन बायकांना मी तसाच कोड सात दिला होता. तिघींचीही मशीन उघडली नव्हती.

मी फोटो काढायला मोबाइल उचलला, तेव्हा मनीषा पहिल्यांदा बोलली.

“ताई, हळद म्या जारात टाकलीच न्हाई. शेंगदाण्याची चटणी करून राहिले होते. तुमी उघडून तरी बघा.”

“काय बघायचं त्याच्यात? काहून ताईला तकलीफ देतीस?” कौसाबाई म्हणाल्या.

मला मनीषाचं वाक्य झोंबलं. एवढी वर्षं मी लोकांना ठणकावून सांगते की मेकॅनिक मीच आहे, आणि या पोरीला मला सांगावं लागलं, उघडून बघा. मी मोबाइल खिशात टाकला आणि स्क्रू ड्रायव्हर घेतला.

आधी झाकण पाहिलं. झाकणाच्या आत रबरी रिंग असते. काहीही दळलं की पहिला डाग तिच्यावर पडतो आणि तो निघत नाही. ती रिंग पांढरी होती. तिच्या खाचेत लसणाचा आणि शेंगदाण्याचा चिकटा होता. पिवळं होतं ते सगळं बाहेरून, जिथे जिथे हात लागतो तिथे.

मग मोटार उघडली. वाइंडिंग, म्हणजे मोटारीतली तार, जळून काळी पडली होती. मशीनवर भार जास्त आला होता, हे खरं. पण मिक्सरच्या बुडाला एक छोटं लाल बटण असतं, ते भार जास्त झाला की आपोआप सुटतं आणि करंट तोडतं. माणूस चुकणार हे धरूनच ते बसवलेलं असतं. बायका मिक्सर बंद पडला की घाबरून दुकानात आणतात, मी खालचं बटण दाबते आणि मशीन चालू होते. इथे मोटार जळून गेली तरी बटण जागचं हललं नव्हतं.

मी ते बटण काढलं. बादलीत पाणी तापवायचा मोठा रॉड असतो ना, त्याच्या लाइनमध्ये जोडलं. रॉड मिक्सरच्या दुपटीहून जास्त करंट ओढतो, त्यामुळे चांगलं बटण बघता बघता सुटायला हवं. आधी माझ्या ड्रॉवरमधलं दुसरं बटण लावून पाहिलं. बारा मोजेपर्यंत टक्कन सुटलं. मग मनीषाच्या मिक्सरचं लावलं. मी साठपर्यंत मोजलं, पुन्हा साठपर्यंत मोजलं. बादलीतलं पाणी कोमट झालं, बटण ढिम्म.

आधीच्या तिघींपैकी दोघी जळके मिक्सर माझ्याकडेच टाकून गेल्या होत्या. तेही उघडले. मॉडेल तेच, बटणही तसंच, दोन्ही सुटेनात. मी स्टुलावर बसले. तीन बायकांना मी सही-शिक्क्यानिशी खोटं पाडलं होतं, आणि तेही मशीनचा एक स्क्रू न काढता. स्वतःचा इतका राग मला आधी कधी आला नव्हता.

“मावशी, मी आज काही लिहून देत नाही,” मी कौसाबाईंना म्हटलं. “मिक्सर इथे राहू द्या.”

त्या नाराज होऊन गेल्या. मी एरिया मॅनेजरला फोन लावला. तरुण माणूस होता, बोलायला गोड.

“जार पिवळा आहे ना, मॅडम?”

“आहे. बाहेरून.”

“मग कोड सात टाका.”

“ओव्हरलोडचं बटण खराब आहे, साहेब. एक नाही, तीन मशीनची तपासली.”

“तुम्ही मशीन उघडली? इन्स्ट्रक्शन काय होती?”

“फोटो काढायची होती. पण मी मेकॅनिक आहे, फोटोग्राफर नाही.”

मग ते म्हणाले, “ठीक आहे. मी येतो. ग्राहकाच्या घरीच जाऊ. घरात हळद सापडली, तर तुम्ही कोड सात टाकायचा.”

हळदीच्या हंगामात डोंगरकड्यात हळद शोधायला निघालेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. लोक मला सारखं विचारतात, ‘ताई, मिक्सर कोणता घेऊ?’ या मॉडेलबद्दल विचाराल तर त्याचं चांगलं तेही सांगेन. जारचं स्टील जाड आहे, पातं चांगलं आहे, तार तांब्याची आहे, आवाज इतरांपेक्षा कमी. खोक्यावर लिहिलेले फायदे बहुतेक खरे होते. आणि पाट्यावरच्या चटणीला काही वेगळीच चव असते, असं जे सांगतात, ते बहुतेक पाट्याशी बसलेले नसतात. बाईला मिक्सर हवाच. पण खेड्यात शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की घरचं व्होल्टेज पडतं, मिक्सर कण्हायला लागतो, आणि तेव्हा तार तांब्याची आहे की आवाज कमी आहे याने काही वाचत नाही. तेव्हा ते बटणच लागतं. म्हणून मी वॅट नंतर विचारते, बटण आधी तपासते.

मॅनेजर साहेब पांढराशुभ्र शर्ट घालून आले. कौसाबाईंच्या घरी शिजवलेली हळद अंगणभर वाळत घातली होती. एका कडेला पॉलिशचा ड्रम फिरत होता. त्यात वाळलेली हळकुंडं घासून निघतात आणि पिवळी धूळ उडते. दाराची कडी पिवळी होती, चहाच्या कपाचे कान पिवळे होते, मजुरांच्या भुवयासुद्धा पिवळ्या. मनीषाच्या सासऱ्यांनी मोठ्या हौसेने साहेबांच्या हातावर पाच-सहा हळकुंडं ठेवली. साहेबांनी ती बघितली, परत दिली आणि मोबाइल काढून पुराव्याचे फोटो घ्यायला लागले.

मग त्यांनी कौसाबाईंना विचारलं, “मावशी, खरं सांगा. घरच्यापुरती थोडी हळद मिक्सरमधून काढली असेल ना?”

सुनेवर ढकलायची ही आयती संधी होती. मनीषा दारात उभी होती आणि तिने पदर घट्ट धरला होता.

कौसाबाईंनी साहेबांकडे असं पाहिलं, जसं काही त्यांनी घरातल्या माणसाला चोर म्हटलं.

“हळद? मिक्सरात?” त्या म्हणाल्या. “आवो, दगड हाय तो वाळलेला. हळदीच्या घरचं लेकरू बी असं करत न्हाई. गिरणीत नेतो आमी. येडे समजता का काय आमाला?”

“तुमच्या सुनेने केलं असेल, तुम्हाला न सांगता.”

“ती बी हळदीच्याच घरची पोरगी हाय. तिला कळत न्हाई व्हय? चटणीच करून राहिली होती ती. सगळ्या मजुरांची चटणी एकदमच काढ म्हनून मीच सांगितलं होतं तिला...”

एवढं बोलून त्या थांबल्या. आपण काय बोलून गेलो हे त्यांच्या ध्यानात आलं. मनीषा आत गेली आणि मला तिचं नाक ओढणं ऐकू आलं.

साहेब म्हणाले, “पण मग जार पिवळा कसा झाला?”

“साहेब, तुमचा मोबाइल बघा,” मी म्हटलं.

त्यांनी पाहिला. कव्हर पिवळं, काच पिवळी, शर्टाच्या खिशाची कड पिवळी.

“आता मोबाइलमध्ये कुणी हळद दळली?”

मजूर बाया खोखो हसल्या. साहेबांनी रुमालाने मोबाइल पुसला. रुमालही पिवळा झाला.

परत येताना गाडीत ते नीट बोलले. वाईट माणूस नव्हता तो. “मॅडम, तुमचं पटलं मला. पण बटण खराब असं लिहिलं, तर हा प्रश्न एका मिक्सरचा राहत नाही. पूर्ण लॉट परत मागवावा लागेल. ते वरचे लोक मान्य करणार नाहीत. असं करू. तुम्ही कोड सात टाका, त्या बाईंना मी नवीन मिक्सर पाठवतो. विषय संपला.”

“मिक्सर नवा येईल आणि कागदावर चूक त्या पोरीचीच राहील.”

“कागद कोण वाचतं हो?”

“तिची सासू त्या कागदासाठी डोंगरकड्याहून आली होती.”

“तुमचं ऑथोरायझेशन जाईल, मॅडम. विचार करा.”

“जाऊ द्या.”

मी म्हणाले खरं, पण नुकसान मलाही दिसत होतं. माझ्याकडे येणारं निम्मं काम दारावरच्या त्या बोर्डामुळे येत होतं. मात्र मला आता कुणाच्या नावावर कोड सात लिहायचा नव्हता, मग काही का होईना.

दुकानात आल्यावर मी जॉब शीट काढली. कोडच्या रकान्यावर आडवी रेघ मारली आणि पेनाने लिहिलं: ‘ओव्हरलोड स्विच सदोष. तपासून पाहिला. ग्राहकाची चूक नाही.’ खाली सही केली, शिक्का मारला. एक प्रत कंपनीला पाठवली, एक मनीषाला दिली. तिच्या मिक्सरला दुसरी मोटार आणि चांगलं बटण मीच बसवलं. न्यायला कौसाबाई एकट्याच आल्या. कागद त्यांनी मागितला नाही. “पोरीला दिला ना?” एवढंच विचारलं.

कंपनीचं पत्र आलं, ‘करार रद्द’. त्यांचा माणूस बोर्ड काढायला येणार होता. त्याच्याआधी मीच शिडी लावून तो उतरवला. पुढे त्याच मॉडेलचा नवा लॉट बाजारात आला. मी एक उघडून पाहिला. बटण बदललेलं होतं. का बदललं, हे कुणी कुणाला सांगितलं नाही, आणि आधीचे मिक्सर परत मागवल्याचंही माझ्या कानावर आलं नाही.

राहिल्या त्या आधीच्या तिघी. घरी नेलेला तिसरा मिक्सरही मी आणवून तपासला, त्याचंही बटण सुटेना. तिघींच्या जॉब शीट मी नव्याने लिहिल्या आणि स्वतः घेऊन गेले. हिंगोलीतल्या बाईंनी मला चार शब्द सुनावले, मी ऐकून घेतले. पुसेगावच्या बाईंनी चहा पाजला.

तिसरी साखरा गावची सुमन. घर शेळ्या-मेंढ्यांचं. हंगामात ती दुसऱ्याच्या हळदीच्या कामाला जायची, हात तिथे पिवळे झालेले, आणि त्या हातांनी जार. मी कागद पुढे केला. तिने तो हातात घेतला नाही.

“ताई, तवापासून मला ‘मिक्सर जाळणारी’ म्हनतात,” ती म्हणाली. “पान्याच्या मोटारीच्या बटणाला सुदीक हात लावू देत न्हाईत. पानी भरायचं असलं की कोनाला तरी हाक मारावी लागती मला.”

मी कागद पुन्हा पुढे केला.

“मला नका देऊ. माझ्या सासूला वाचता येत न्हाई,” ती म्हणाली. “मोठ्यानं वाचा. पार तिकडं शेळ्यांपर्यंत ऐकू जाऊ द्या.”

सासू ओट्यावर बसली होती. नवरा शेळ्या बांधत होता. मी अंगणाच्या मधोमध उभी राहिले आणि वाचलं. शेळ्या ओरडत होत्या, म्हणून दुसऱ्यांदा आणखी मोठ्याने वाचलं. बिघाड मशीनमध्ये होता. ग्राहकाची चूक नाही. आधी मशीन न उघडता कोड सात टाकला, ती चूक माझी.

सुमन रिकामी घागर घेऊन उठली, मोटारीच्या खोलीत गेली आणि तिने बटण दाबलं.

आता माझ्या दारावर कुठल्याच कंपनीचा बोर्ड नाही. मशीन आली की आधी उघडते, मग बोलते. वेळ लागतो, गिऱ्हाईक कुरकुरतं. कुरकुरू दे.